विंडोज ७ वर एक्सप्लोरर सारखा बंद पडतोय? फॉरमॅट मारायच्या आधी एवढं करून बघा

फोल्डर उघडला की विंडो पांढरी पडते, मग 'विंडोज एक्सप्लोरर हॅज स्टॉप्ड वर्किंग' असा बॉक्स येतो, टास्कबार गायब, डेस्कटॉपवरचे आयकॉन गायब, आणि थोड्या वेळाने सगळं आपोआप परत येतं. दुकानात नेलं की पहिलं वाक्य असतं 'फॉरमॅट मारून देतो'. कृपा करून लगेच हो म्हणू नका. बऱ्याचदा विंडोज खराब झालेलं नसतंच, आणि फॉरमॅटमध्ये सी ड्राइव्हवरचे फोटो, टॅलीचा डेटा, पेजमेकर नि श्रीलिपीतली जुनी कामं गेली की ती कुठून आणणार?

मुळात होतं काय ते सांगतो. एक्सप्लोरर म्हणजे नुसतं फाइली बघायचं साधन नाही, स्टार्ट मेनू, टास्कबार, डेस्कटॉप हे सगळं तोच एक प्रोग्राम चालवतो, म्हणून तो पडला की सगळंच एकदम जातं. आणि आपण जे झिपवाले, अँटीव्हायरसवाले, पीडीएफवाले प्रोग्राम टाकतो ना, त्यातले बरेच राइट क्लिकच्या मेनूत आपला ऑप्शन घालतात, व्हिडिओचं छोटं चित्र (थंबनेल) दाखवायला कोडेक, म्हणजे व्हिडिओ उलगडून दाखवणारा छोटा प्रोग्राम, लागतो, तर यातलं बरंचसं एक्सप्लोररच्या आतच चालतं. त्यातला एक जरी बिघडला तरी एक्सप्लोररला घेऊन पडतो, आणि बॉक्सवर नाव मात्र एक्सप्लोररचं येतं.

डेस्कटॉप परत आलाच नाही तर घाबरू नका. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, फाइलमध्ये न्यू टास्क, तिथे इंग्रजीत एक्सप्लोरर टाइप करून एंटर. आणि मशीन थोडा वेळ जरी नीट चालत असेल तर आधी महत्त्वाच्या फाइली पेनड्राइव्हवर घ्या, बाकीचं सगळं नंतर.

आता नेमकं कधी पडतं ते बघा. ठरावीक एकाच फोल्डरमध्ये पडत असेल, त्यातही व्हिडिओ असलेल्या, तर संशय थंबनेलवर. ऑर्गनाइझ, मग फोल्डर अँड सर्च ऑप्शन्स, मग व्ह्यू टॅब, तिथे 'ऑलवेज शो आयकॉन्स, नेव्हर थंबनेल्स' वर टिक करा. पडायचं थांबलं तर एखादा अर्धवट डाउनलोड झालेला व्हिडिओ किंवा कोडेक पॅक हेच कारण, कोडेक पॅक कंट्रोल पॅनेलमधून काढून टाका. एक्सपीवर तर खराब एव्हीआय (व्हिडिओच्या) फाइलीचा हा त्रास फार जुना आहे, फाइल डिलीट करायला जावं तर ती वापरात आहे म्हणून डिलीटही होत नाही, कारण एक्सप्लोररच तिला वाचत बसलेला असतो.

राइट क्लिक केल्यावरच पडत असेल तर मेनूत घुसलेला एखादा प्रोग्राम. आणि काहीच पॅटर्न दिसत नसेल तर स्टार्टमध्ये इव्हेंट व्ह्यूअर शोधा, डावीकडे विंडोज लॉग्स, त्यात ॲप्लिकेशन, आणि लाल खुणेची १००० नंबरची एंट्री ज्यात एक्सप्लोररचं नाव आहे ती उघडा. त्यात 'फॉल्टिंग मॉड्यूल नेम' अशी ओळ असते आणि खाली त्या फाइलीचा पाथ, तो प्रोग्राम फाइल्समधल्या कुठल्या फोल्डरचा आहे बघितलं की सॉफ्टवेअर सापडलं. पण तिथे एनटीडीएलएल असं नाव असेल तर ती विंडोजची स्वतःची फाइल आहे, तिला हात लावू नका, गडबड दुसऱ्याने केलेली असते आणि पडताना नाव तिचं येतं.

अशा वेळी माझा सगळ्यात जास्त भरवसा शेलएक्सव्ह्यू वर. एक्सप्लोररमध्ये घुसलेल्या अशा सगळ्या गोष्टींची यादी दाखवणारं नीरसॉफ्टचं फुकट टूल आहे, इन्स्टॉलही करावं लागत नाही, फक्त विंडोज ६४ बिट असेल तर टूलही ६४ बिटच घ्या नाहीतर अर्धी यादी दिसणारच नाही. ऑप्शन्समधून मायक्रोसॉफ्टच्या एंट्र्या लपवा, उरलेल्या सगळ्या सिलेक्ट करून एफ७ दाबा म्हणजे त्या बंद होतात (डिलीट नाही होत, हेच याचं चांगलं), मशीन रीस्टार्ट करा आणि वापरून बघा. आता पडत नसेल तर निम्म्या एंट्र्या एफ८ ने चालू करा, पुन्हा रीस्टार्ट, परत पडला तर चोर त्या निम्म्यात, नाही पडला तर दुसऱ्या निम्म्यात, असं करत करत एकावर येता, मग ते सॉफ्टवेअर अपडेट करा किंवा काढा. वेळ जातो पण पक्कं सापडतं.

सगळं बंद करूनही पडतच असेल तर नवीन यूजर अकाउंट बनवून त्यात बघा, तिथे नीट चाललं तर तुमचं प्रोफाइल बिघडलंय. नाहीतर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून एसएफसी, स्पेस, स्लॅश स्कॅननाऊ चालवा, विंडोजच्या बिघडलेल्या फाइली तो दुरुस्त करतो. फोल्डर उघडायला मिनिटभर लागतंय किंवा डिस्क टकटक वाजतेय तर मात्र आधी बॅकअप आणि मगच चेकडिस्क (डिस्क तपासायचं विंडोजचं टूल), मरायला टेकलेल्या डिस्कवर चेकडिस्क चालवणं धोक्याचं. रॅमवर संशय असेल तर ती तपासायला स्टार्टमध्ये विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक आहेच.

विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, एक्सपीचा त्याआधीच ८ एप्रिल २०१४ ला, त्यामुळे आता अपडेट येऊन आपोआप सुधारेल ही आशा सोडा, आणि टूल डाउनलोड करायचं तर दुसऱ्या मशीनवर करून पेनड्राइव्हने आणा.

यातल्या कशानेच जमलं नाही तरी फॉरमॅटच्या आधी अजून एक रस्ता आहे. विंडोज ७ चालू असतानाच त्याची डीव्हीडी टाकून सेटअप चालवा आणि कस्टमऐवजी अपग्रेड निवडा, सिस्टीमच्या फाइली नव्याने बसतात, तुमच्या फाइली नि सॉफ्टवेअर जागेवर राहतात. फक्त डीव्हीडी त्याच एडिशनची (होम, प्रोफेशनल वगैरे) हवी, आणि मशीनवर सर्व्हिस पॅक १ (विंडोज ७ चा मोठा एकत्रित अपडेट) असेल तर डीव्हीडीही सर्व्हिस पॅक १ चीच.