सरकारी कार्डाची बिलं तपासताना: न्यूझीलंडमध्ये ऑडिटमध्ये येणाऱ्यांसाठी

इथे अकाउंटिंग शिकायला आलेली किंवा भारतातून सीए होऊन आलेली मुलं मला हल्ली सारखं विचारतात, की सरकारी क्षेत्रातल्या अंतर्गत लेखापरीक्षणात करिअर करावं का, आणि सुरुवात कुठून करावी. मी बरीच वर्षं नगरपरिषदा आणि सरकारी संस्थांमध्ये हेच काम करते आहे. पहिलं काम निवडायची संधी मिळाली तर संस्थेने अधिकाऱ्यांना कामाच्या खर्चासाठी दिलेल्या क्रेडिट कार्डांची तपासणी मागून घ्या. मोठ्या प्रकल्पाच्या फायली नंतर येतीलच. माणसं जनतेच्या पैशाशी कशी वागतात, हे कार्डाच्या स्टेटमेंटइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

आधी एक फरक समजून घ्या. आपल्याकडे सरकारी कर्मचारी दौऱ्यावरून येतो, प्रवासभत्त्याचं बिल लावतो, त्यावर आक्षेप निघतात, आणि ते निस्तरल्यावर पैसे हातात पडतात. कार्डात क्रम उलटा असतो. पैसे आधी जातात, कारण मागाहून लिहिलं जातं. म्हणून सगळी भिस्त त्या मागाहून लिहिलेल्या एका ओळीवर आणि तिच्याखाली सही करणाऱ्यावर असते.

ती ओळ किती महत्त्वाची, हे फिल हीटली यांच्या प्रकरणात दिसलं. हे गृहनिर्माण आणि मत्स्यव्यवसाय मंत्री होते. पक्षाच्या अधिवेशनात त्यांनी मंत्र्याच्या कार्डावर वाइनच्या दोन बाटल्या घेतल्या, किंमत साधारण ७० डॉलर, आणि खर्चाच्या नोंदीत ते जेवण म्हणून दाखवलं गेलं. फेब्रुवारी २०१०मध्ये त्यांनी राजीनामा दिला. महालेखापरीक्षक लिन प्रोव्होस्ट यांनी चौकशी केली, आणि अहवाल आल्यावर पंतप्रधान जॉन की यांनी मार्चमध्ये त्यांना परत मंत्रिमंडळात घेतलं. ७० डॉलरसाठी एवढं कशाला, असं नवीन मुलं विचारतात. रक्कम लहान होती हे खरंच. पण चुकीच्या वर्णनाखाली मंत्र्याची सही चालली, तर खालच्या कारकुनाला नेमकं वर्णन लिही असं कोणत्या तोंडाने सांगणार?

त्याच वर्षी जूनमध्ये २००३पासूनच्या मंत्र्यांच्या कार्डखर्चाचे हजारो कागद खुले झाले. मजूर पक्षाचे शेन जोन्स यांनी मंत्री असताना हॉटेलात अश्लील चित्रपट पाहिल्याचा खर्च सरकारी कार्डावर टाकला होता. त्यांनी ते पैसे परत भरले होते, तरी पक्षाने त्यांना संसदेतल्या पुढच्या, म्हणजे प्रमुख नेत्यांच्या बाकावरून मागे नेलं. ही गोष्ट मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगते, कारण ‘पैसे भरून टाकले ना, मग झालं’ हे उत्तर तुम्हाला वारंवार ऐकायला मिळणार आहे. नाही झालं. पैसे परत येईपर्यंत ते जनतेकडून घेतलेलं बिनव्याजी कर्ज असतं, आणि ते मंजूर करायचा अधिकार कार्डधारकाला कोणी दिलेला नसतो. पैसे कधी भरले तेही बघा. स्वतःहून त्याच आठवड्यात, की आपण यादी मागितल्यावर? या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता प्रत्यक्ष काम. समजा, हार्डवेअरच्या दुकानातला एक खर्च आहे आणि सोबत कार्ड मशीनची चिठ्ठी जोडली आहे. चिठ्ठीवर फक्त दुकानाचं नाव, वेळ आणि एकूण रक्कम असते. तेवढ्यावर टिकमार्क करू नका, मूळ बिल मागा. माझ्यापुढे आलेल्या अशा एका बिलात पाइपाचे कोपरे, सीलंट, हातमोजे असं सगळं रीतसर होतं, आणि शेवटून दुसऱ्या ओळीत बागेत लावायच्या सौर दिव्यांची माळ. त्या विभागाकडे बागच नव्हती. चिठ्ठीवर ही माळ कधीच दिसली नसती.

पण संशयाचा चष्मा चढवूनही बसू नका. शनिवारी रात्री गावाबाहेर पेट्रोल भरलं म्हणजे चोरीच, असं नसतं. पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर सुट्टीच्या दिवशीही हाकेला धावत असतो. ड्युटीचा तक्ता आधी काढा, प्रश्न नंतर विचारा. बँकेकडून येणाऱ्या यादीत प्रत्येक दुकानाचा वर्ग दाखवणारा कोड असतो: रेस्टॉरंटला ५८१२, बारला ५८१३, एटीएममधून काढलेल्या रोख रकमेला ६०११. त्यावर गाळणी लावून कुठे बघायचं ते कळतं, दोष कोणाचा ते कळत नाही.

माझ्या मते खरी मेख मंजुरीत आहे. इथल्या महालेखापरीक्षकांनी संवेदनशील खर्चावर, म्हणजे प्रवास, जेवण, भेटवस्तू अशा खासगी फायदा होऊ शकणाऱ्या खर्चावर, मार्गदर्शिका काढली आहे. त्यातलं एक तत्त्व पाठच करा: ज्याला खर्चाचा फायदा झाला, त्याच्याहून वरिष्ठ माणसाने मंजुरी द्यावी. ऐकायला सोपं आहे. पण मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचं बिल कोण बघणार? कागदावर मंडळाचे अध्यक्ष असतात. प्रत्यक्षात काही ठिकाणी मुख्य अधिकाऱ्याच्याच हाताखालचा वित्त अधिकारी सही करतो, आणि वरिष्ठाला ‘हे काय?’ विचारायची त्याची छाती होत नाही. दोन अधिकारी एकमेकांची बिलं मंजूर करत असतील तर तेही तितकंच वाईट. हॉटेलात जेवायला सगळे एकत्र गेले की बिल तिथल्या सर्वात वरिष्ठाने भरायचं. कनिष्ठाच्या कार्डावर बिल टाकायचं आणि त्या बिलाला वरिष्ठ म्हणून आपणच मंजुरी द्यायची, ही पळवाट मला फार खटकते.

या कामात भीती वाटते का, असंही विचारतात. वाटते, आणि ती उगाच नाही. इथल्या परिवहन मंत्रालयातली वरिष्ठ अधिकारी जोआन हॅरिसन हिने मंत्रालयातून ७ लाख डॉलरहून जास्त रक्कम लाटली. ते कार्डाचं नव्हे, खोट्या इन्व्हॉइसांचं प्रकरण होतं. तिच्यावर प्रश्न विचारणाऱ्या कर्मचाऱ्यांनाच आधी त्रास सोसावा लागला, आणि पुढे त्यांची माफी मागण्यात आली. २०१७मध्ये तिला तुरुंगवास झाला. त्या काळात मंत्रालयाचे प्रमुख असलेले मार्टिन मॅथ्यूज तोवर महालेखापरीक्षक झाले होते. त्यांनीही त्याच वर्षी पद सोडलं. आता प्रोटेक्टेड डिस्क्लोजर्सचा, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्याला संरक्षण देणारा, २०२२चा कायदा आहे. नोकरीच्या पहिल्या महिन्यात तो वाचा, आणि आपल्या संस्थेत तक्रार नक्की कोणाकडे करायची ते नाव वहीत लिहून ठेवा. वेळ आल्यावर शोधत बसायला उसंत मिळत नाही.

अभ्यासाचं म्हणाल तर सीएची पदवी उपयोगी पडतेच. अंतर्गत लेखापरीक्षणाचीच सीआयए (सर्टिफाइड इंटर्नल ऑडिटर) परीक्षा तीन भागांची आहे, ती नोकरी करता करता देता येते. एक्सेल आणि त्यातलं माहिती जुळवायचं साधन पॉवर क्वेरी हाताला सरावाची हवी. मला मात्र त्याहून मोलाचं वाटतं ते लिहिणं. ‘गैरव्यवहार आढळला’ असं लिहू नका. ‘अमुक तारखेच्या खर्चाला मूळ बिल नाही, मंजुरी लाभार्थ्याच्या कनिष्ठाने दिली आहे’ असं लिहा. असं वाक्य कोणाला खोडता येत नाही, आणि निर्दोष माणसावर त्यातून शिंतोडेही उडत नाहीत.

सरकारी खात्यात मुलाखतीला जाण्याआधी त्या खात्याच्या मुख्य अधिकाऱ्याच्या खर्चाचा जाहीर तपशील उघडा. २०१०पासून तो नियमित प्रसिद्ध होतो. कारणाच्या रकान्यात नुसतं ‘बैठक’ लिहिलंय की कोणाशी, कशासाठी हेही लिहिलंय, ते बघा. मग मुलाखतीत विचारा, की या यादीला मंजुरी कोण देतं.