डिव्हाइस ट्रीमध्ये क्लॉक लिहिताना या चुका टाळा

नवा बोर्ड टेबलावर आला की बहुतेक जण आधी लॅपटॉप उघडतात. मी भिंग काढतो. क्रिस्टलच्या (बोर्डाला क्लॉक, म्हणजे ठोके, पुरवणाऱ्या भागाच्या) छोट्या धातूच्या डबीवर फ्रीक्वेन्सी छापलेली असते. ती वाचतो, स्कीमॅटिकशी ताडून बघतो आणि मगच डीटीएस फाइलला, म्हणजे बोर्डावर काय काय आहे हे लिनक्स कर्नलला सांगणाऱ्या डिव्हाइस ट्रीच्या फाइलला, हात लावतो. ही सवय मला एका बोर्डाने लावली.

शीतगृहांसाठी एक डेटा लॉगर आम्ही बनवत होतो. चिपच्या इव्हॅल्युएशन बोर्डावर 24 मेगाहर्ट्झ होता. आमच्या बोर्डावर मात्र 25, कारण इथरनेटच्या चिपला 25 हवाच होता आणि एकाच ऑसिलेटरवर दोघांचं भागवायचं ठरलं होतं. हार्डवेअरवाल्यांनी बूटलोडरमध्ये आकडा बदलून घेतला. कर्नलसाठी मात्र इव्हॅल्युएशन बोर्डाची डीटीएस डोळे झाकून उचलली गेली आणि तिच्या ‘फिक्स्ड-क्लॉक’ नोडमध्ये (ठरावीक वेगाच्या क्लॉकच्या नोंदीत) 24000000 तसाच राहिला.

बोर्ड बूट झाला आणि इथेच माणूस फसतो. फिक्स्ड-क्लॉक खरा किती आहे हे कर्नल मोजत नाही. तुम्ही लिहाल तो आकडा तो खरा धरतो आणि खालच्या प्रत्येक पीएलएलचा (क्लॉक वाढवणारा), प्रत्येक डिव्हायडरचा (भागणारा) हिशोब त्यावरूनच करतो. आमच्या यूआर्टला (कन्सोलच्या सिरीयल पोर्टला) हाच क्लॉक दुप्पट होऊन जात होता. प्रत्यक्षात 50 मेगाहर्ट्झ, कर्नलच्या लेखी 48. 115200 बॉडसाठी (सेकंदाला इतके बिट) यूआर्टच्या ठरलेल्या 16 च्या भागाकारानंतर त्याने 26 ने भागलं, हवं होतं 27. वायरवर वेग गेला सुमारे 120200, म्हणजे 4.3 टक्के जास्त. दहा बिटांच्या फ्रेममध्ये शेवटच्या बिटापर्यंत जवळजवळ 0.4 बिटाची घसरण होते, आणि अर्ध्या बिटाला खेळ खलास. म्हणून एका यूएसबी कन्व्हर्टरवर कन्सोल स्वच्छ दिसायचा, दुसऱ्यावर मधूनच कचरा यायचा. बूटलोडरचा मजकूर मात्र दोन्हीकडे नीट. एवढा धडधडीत पुरावा समोर असताना आठवडाभर केबली बदलल्या गेल्या. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

मग घड्याळ पुढे पळतंय असं लक्षात आलं. टायमरही त्याच क्लॉकवर होता, त्यामुळे दर मिनिटाला अडीच सेकंद, दिवसाला बरोबर एक तास. एनटीपीची (नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या सेवेची) फ्रीक्वेन्सी दुरुस्ती 500 पीपीएमपर्यंतच, म्हणजे दशलक्षात 500 पर्यंतच, जाते. इथे चूक होती 41 हजारांच्या वर. कारण शोधण्याऐवजी कुणीतरी क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) दर दहा मिनिटांनी घड्याळ एका झटक्यात जुळवणारं ‘एनटीपीडेट’ लावून दिलं आणि विषय मिटला असं समजून सगळे पुढे गेले. मिटला कुठे? ग्राहकाकडून लॉग आला त्यात शीतगृहाचं दार उघडल्याची वेळ होती 10:19:58 आणि बंद झाल्याची 10:19:44. घड्याळ दर खेपेला साधारण 25 सेकंद मागे खेचलं जात होतं. शेवटी दुरुस्ती झाली ती एका ओळीत, एका आकड्याची. लागलेला वेळ पाच आठवडे.

अशा मलमपट्टीचा मला मनापासून राग येतो. वेळ चुकतेय याचा अर्थ पायातच काहीतरी चुकलं आहे, आणि त्यावर क्रॉन चढवणं म्हणजे पुढच्या माणसापासून लक्षण लपवणं.

दुसरी चूक याच जातीची. बोर्ड छान बूट होतो, आणि शेवटाकडे कन्सोल एकदम मुका होतो किंवा डिस्प्ले काळा पडतो. कारण ठरलेलं आहे: बूटच्या अखेरीस कर्नल कुणीच न मागितलेले क्लॉक बंद करतो. बूटलोडरने चालू ठेवलेला एखादा क्लॉक तुमच्या डीटीएसमध्ये त्याच्या खऱ्या मालकाला जोडलेलाच नसतो, मग तो जातो. शोधलं की पहिलं उत्तर मिळतं, बूटआर्ग्समध्ये (बूटवेळी कर्नलला द्यायच्या सूचनांत) ‘सीएलके_इग्नोर_अनयूज्ड’ टाका, म्हणजे तो न मागितलेले क्लॉक बंद करणार नाही. टाकलं की सगळं चालतं, आणि तेच पुढे प्रॉडक्शनला जातं. मी असे बोर्ड पाहिलेत की ज्यांच्यात ही ओळ दोन वर्षं तशीच होती आणि बॅटरी का टिकत नाही म्हणून बैठका चालू होत्या.

ही ओळ निदानासाठी आहे. ती घातल्यावर बोर्ड जगला, तर एखादा क्लॉक बेवारस आहे एवढं कळलं. आता तो शोधायचा. माझी पद्धत साधी आहे. ती ओळ ठेवून बूट करतो, डीबगएफएसमधली (कर्नलची आतली माहिती दाखवणाऱ्या फाइल्समधली) ‘सीएलके_समरी’ फाइल वाचतो आणि इनेबल काउंट (किती जणांनी चालू करायला मागितला तो आकडा) शून्य असलेले क्लॉक वहीत उतरवतो. मग स्कीमॅटिक आणि चिपचं मॅन्युअल घेऊन एकेकाचा मालक शोधतो. वीसपंचवीस नावं असतात, दुपार जाते. नवशिक्यांना ही दुपार नको असते आणि मग ते दिसेल त्या क्लॉकला ‘सीएलके_इज_क्रिटिकल’ (हा कधीच बंद करू नको) लावत सुटतात. तो फ्लॅग डीडीआर मेमरी किंवा मुख्य बससारख्या, ज्यांना ड्रायव्हरच नाही अशा क्लॉकसाठी आहे. यूआर्टला ड्रायव्हर आहे. त्याच्या नोडमध्ये ‘क्लॉक्स’, म्हणजे त्याला कोणते क्लॉक लागतात ती यादी, लिहा.

ड्रायव्हर क्लॉक मागतोय आणि आपल्याला तो सापडत नाही म्हणून खोटा फिक्स्ड-क्लॉक बनवून देणं, हेही नको. डिव्हाइस ट्री ड्रायव्हरचं तोंड बंद करायला लिहायची नसते. बोर्डावर जे आहे ते तिच्यात यावं. जे नाही ते लिहिलंत, तर सहा महिन्यांनी दुसरा कुणी ते खरं समजून त्यावर हिशोब मांडेल.

‘क्लॉक-नेम्स’चा (त्याच क्लॉकच्या नावांच्या यादीचा) क्रम ‘क्लॉक्स’शी जुळलाच पाहिजे. पीएल011 या प्रकारच्या यूआर्टला आधी ‘यूआर्टसीएलके’ (त्याचा स्वतःचा), मग ‘एपीबी_पीसीएलके’ (बसचा). उलटं झालं की बॉड रेट बसच्या क्लॉकवरून काढला जातो.

‘#क्लॉक-सेल्स’ 1 असताना, म्हणजे प्रत्येक क्लॉकसोबत एक इंडेक्स लागत असताना, तो विसरलात तर पुढचा फँडल (दुसऱ्या नोडकडे बोट दाखवणारा आकडा) इंडेक्स म्हणून गिळला जातो. डीटीसीच्या (डीटीएसच्या कंपायलरच्या) वॉर्निंग वाचा, आणि ‘मेक डीटीबीएस_चेक’ चालवल्याशिवाय पॅच पाठवू नका.

‘असाइन्ड-क्लॉक-रेट्स’मध्ये (क्लॉकना लावून द्यायच्या वेगांच्या यादीत) एखादा क्लॉक वगळायचा असेल तर त्याच्या जागी 0 लिहा. जागाच गाळलीत तर पुढचे सगळे आकडे एकेक घर सरकतात.

हेडरमधले क्लॉकचे क्रमांक मात्र कधीही मधे घुसडू नका. ‘डीटी-बाइंडिंग्ज/क्लॉक’मध्ये आधीचा एखादा क्लॉक राहून गेला असेल तर तो शेवटी जोडा, यादी दिसायला कितीही ओबडधोबड झाली तरी. तो क्रमांक डीटीबीमध्ये (कंपाइल झालेल्या डीटीएसमध्ये) भाजला गेलेला असतो आणि बाहेर गेलेल्या बोर्डांवर जुनी डीटीबी नव्या कर्नलसोबत चालते. तुम्ही 14 चा 15 केलात की तिकडे एसडी कार्डाच्या जागी शेजारचा क्लॉक चालू होतो. वर्णानुक्रम लावण्याचे पॅच मी याच कारणाने परत पाठवतो.

आकडा खरा आहे का हे बघायला ऑसिलोस्कोपचा प्रोब थेट क्रिस्टलच्या पिनवर लावू नका. प्रोबच्या कपॅसिटन्सने फ्रीक्वेन्सी सरकते, कधी क्रिस्टल थांबतोच. चिपला क्लॉक-आउट पिन असेल तर तिथे मोजा. नसेल तर एनटीपी बंद करा, कन्सोलवर ‘डेट’ चालवा, त्याच क्षणी फोनवर स्टॉपवॉच सुरू करा आणि पाच मिनिटांनी पुन्हा ‘डेट’ चालवा. आमच्या त्या लॉगरवर साडेबारा सेकंदांचा फरक दिसला असता.