घासूनपुसून लख्ख करू नका : शिकार, मासेमारी आणि स्वयंपाकात रमलेल्या माणसाची आठवण जपताना या चुका टाळा

काका गेले त्याच्या चौथ्या दिवशी मी त्यांची सुरी घासली. हाताला काही काम हवं होतं, एवढंच. कार्बन स्टीलचं पातं, त्यावर निळसर-करडे डाग. मला तो गंज वाटला. तारेच्या घासणीने अर्धा तास घासून पातं आरशासारखं केलं आणि काकूपुढे ठेवलं. तिने ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "ही कुणाची?"

ते डाग म्हणजे गंज नव्हताच. मांस, कांदा, लिंबू यांच्यामुळे कार्बन स्टीलवर हळूहळू असा थर धरतो आणि तोच पात्याला खऱ्या गंजापासून थोडंफार वाचवतो. ओळखायला सोपं आहे. तांबूस, भुकटीसारखा आणि बोट फिरवल्यावर बोटाला लागतो तो गंज. करडा, निळसर, गुळगुळीत आणि बोटाला न लागणारा थर तसाच राहू द्यावा. तो काकांनी वीस वर्षं केलेल्या कापाकापीचा हिशेब होता आणि मी तो अर्ध्या तासात पुसला. सुरी वापरात राहिली तर थर पुन्हा येतो, पण तो वापरणाऱ्याचा असतो.

म्हणून पहिली सूचना : पहिले काही आठवडे काहीही स्वच्छ करू नका. शिकारीचं जॅकेट धुऊ नका, गळांची पेटी आवरू नका. कोणता गळ कुठल्या कप्प्यात होता याचे फोटो आधी काढा. ती मांडणी त्यांच्या डोक्यातली होती, आणि एकदा विस्कटली की पुन्हा लावता येत नाही. अपवाद एकच, बंदूक. त्याबद्दल पुढे.

लोखंडी तव्याची गोष्ट जरा वेगळी. इथे चूक झाली तरी दुरुस्त होते. साबणाला लोक उगाच घाबरतात. थोड्या साबणाने तवा बिघडत नाही, बिघडतो तो रात्रभर पाण्यात भिजत ठेवल्याने. गंज आलाच तर घासून काढा, मंद आचेवर पूर्ण कोरडा करा, तेलाचा हात फिरवा आणि मग ते तेल जणू चुकून लागलंय अशा थाटात कापडाने पुसून टाका. तवा ओव्हनमध्ये उपडा ठेवून २३० अंश सेल्सिअसला तासभर तापवा आणि आतच गार होऊ द्या. हात लावल्यावर चिकट लागला तर तेल जास्त झालं होतं. पुन्हा तापवा, पुढच्या वेळी कमी लावा. एकदा जाड थर देण्यापेक्षा तीन-चार पातळ थर बरे.

आता सगळ्यात जास्त घरांत होणारी तक्रार : "त्यांच्या वहीत लिहिलंय तसंच केलं, पण ती चव नाही." चूक बहुतेक वेळा हाताची नसून मापाची असते. काकांच्या वहीत सगळीकडे "एक कप" आहे. आम्ही २५० मिलीचा मापाचा कप घ्यायचो आणि माशाचा रस्सा दर वेळी पाणचट व्हायचा. शेवटी चुलतभावाने त्यांचा कान तुटलेला चहाचा कप काढला, काठोकाठ पाणी भरलं आणि वजनकाट्यावर ठेवलं. कपाचं वजन वजा करून १७० ग्रॅम, म्हणजे १७० मिली. सहा वर्षांची कुरबुर एका मिनिटात मिटली. तेव्हा त्या माणसाचा कप, चमचा, डाव आधी मोजून घ्या आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मिठाचंही तसंच. जाडं मीठ वापरणाऱ्याचा एक चमचा आणि बारीक मिठाचा एक चमचा यांच्या वजनात दुपटीच्या जवळपास फरक पडू शकतो.

मग मासा. ताजा म्हणजे किती ताजा, इथेच आपण फसतो. पाण्यातून काढल्यावर काही तासांत मासा ताठरतो. त्या अवस्थेत शिजवला तर आक्रसतो आणि चिवट लागतो. अनुभवी मासेमार म्हणूनच तो साफ करून बर्फात ठेवतात आणि ताठरपणा उतरल्यावरच चुलीला दाखवतात. काकांनी हे वहीत लिहिलं नाही, कारण त्यांच्या लेखी ती कृती नव्हतीच, सवय होती. रानातल्या प्राण्याच्या मांसाला चरबी फार कमी. पाळीव जनावराच्या मांसाच्या हिशेबाने त्याचे मऊ तुकडे शिजवत बसलात तर चामडं होतं. कष्टाचे स्नायू, म्हणजे मांडी-खांद्याचे, त्यांना मात्र मंद आच आणि भरपूर वेळ लागतो. फ्रीजरमध्ये त्यांनी ठेवलेलं मांस सापडलं तर तारीख पाहा आणि शिशाच्या गोळीने मारलेलं असेल तर गोळी लागलेल्या जागेभोवतीचं मांस भरपूर सोडून कापा. शिशाचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब गेलेले असतात, डोळ्यांना दिसतही नाहीत. लहान मुलांना आणि गरोदर बाईला ते देऊच नका.

गळाच्या काठ्या कोपऱ्यात तिरक्या टेकवून ठेवायची चूक सगळेच करतात. बांबूची काठी तशी राहिली की बाक धरते. उभी टांगा किंवा आडवी सपाट ठेवा. काठीची पिशवी ओली नसावी. रिळाचा ताण सैल करून ठेवा. नायलॉनची जुनी दोरी उन्हाने ठिसूळ झालेली असते. नातवाला काठी द्यायचीच असेल तर दोरी नवी भरून द्या. नाहीतर पहिलाच मोठा मासा दोरी तोडून जाईल आणि पोरगं पुन्हा काठीला हात लावणार नाही.

बंदुकीच्या बाबतीत भावनेला जागा नाही. भिंतीवर लावायची घाई नको आणि "रिकामीच असेल" हे वाक्य तर नकोच. जाणकाराकडून रिकामी असल्याची खात्री करून घ्या, काडतुसं वेगळी कुलपात ठेवा. परवाना बहुतेक ठिकाणी माणसाच्या नावावर असतो. तो वारसाकडे आपोआप येत नाही, म्हणून आधी पोलिसांकडे चौकशी. ठेवायची परवानगी मिळालीच तर चामड्याच्या म्यानात वर्षानुवर्षं ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि नळी आतल्या आत गंजते. पेंढा भरलेलं जुनं मुंडकं वारशात आलं असेल तर ते झटकू नका आणि मुलांना त्याच्याशी खेळू देऊ नका. अठराव्या शतकात फ्रान्समधल्या बेकेर नावाच्या औषधविक्रेत्याने कातडी टिकवायला आर्सेनिकचा साबण काढला आणि ती पद्धत विसाव्या शतकातही बराच काळ चालू होती. त्या धुळीत आजही विष असू शकतं.

शिकारीच्या फोटोमागे साल आणि जागा लिहून ठेवा. तेव्हा रीतसर असलेली शिकार आज बंद असू शकते. फोटो पाहून नातवंडं प्रश्न विचारतील, तर उत्तर द्यायला साल हवं. असे फोटो लपवून माणूस सोवळा होत नाही.

आणि हेच आपण लिहिताना करतो, माणूस घासून लख्ख करतो. "प्रेमळ, कुटुंबवत्सल, शिकार, मासेमारी व स्वयंपाकाची आवड." हे कुणाच्याही नावाखाली चालेल. श्रद्धांजलीच्या भाषणाचा माझा पहिला मसुदा असाच होता, त्यात चौदा विशेषणं होती. पाच मिनिटांचं भाषण म्हणजे सावकाश वाचलं तर पाच-सहाशे शब्द. त्यात दोन प्रसंग मावतात, तिसरा घातला की पहिले दोन पातळ होतात. छापून देणार असाल तर पूर्ण जन्मतारीख आणि घरचा पत्ता टाकू नका. पहिली फसवणुकीला उपयोगी पडते, आणि पत्त्यासोबत कार्यक्रमाची वेळ दिली की घर कधी रिकामं असेल हे जगाला कळतं. नातवंडांची नावं दोघांनी वाचून तपासा. राहून गेलेलं एक नाव पुढे वर्षानुवर्षं ऐकवलं जातं.

प्रसंग मिळवायचे तर "त्यांच्याबद्दल काही सांगा ना" असं विचारू नका, लोक विशेषणंच देतात. मी विचारलं, "मासा लागला नाही त्या दिवशी ते घरी येऊन काय करायचे?" काकू लगेच म्हणाली, "कांदा चिरायचे. भाजी ठरलेली नसायची, तरी चिरायचे. इतका बारीक की आम्ही कोणी विचारायचोच नाही."

चौदाही विशेषणं खोडली आणि भाषण तिथून सुरू केलं.