झडीच्या दिवसांत डॉन्की टेलची पाने का गळतात

पेरण्या उरकल्या की ओसरीत, गॅलरीत टांगलेल्या कुंड्यांकडे घरच्यांचे लक्ष जाते आणि एक प्रश्न हमखास येतो: डॉन्की टेलची, म्हणजे जाड रसाळ पानांच्या त्या लोंबत्या झाडाची, पाने टपाटपा गळताहेत, पाणी कमी पडतेय का? या दिवसांत बहुतेक वेळा उलटेच असते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे झाड सुकते, पण मरते ते पावसाळ्यात. त्यामुळे पाण्याचा तांब्या आधी खाली ठेवा आणि कुंडी उचलून पाहा. पाणी देऊन आठ दिवस झाले तरी जड लागत असेल तर दुखणे मुळाशी आहे.

डॉन्की टेल मूळची दक्षिण मेक्सिकोची. मण्यांच्या माळेसारखी दिसणारी स्ट्रिंग ऑफ पर्ल्स दक्षिण आफ्रिकेची. दोघींचीही पाणी साठवायची जागा पान, आणि मुळे बारीक, वरच्या थरात पसरणारी. ही झाडे पानांवरची छिद्रे मुख्यतः रात्री उघडतात, म्हणून त्यांना रात्रीचा गारवा हवा असतो. मे महिन्यात पत्र्याच्या घरात तो मिळत नाही आणि वाढ थांबते. मग पाऊस पडला, हवा गार झाली की आपण उत्साहाने पाणी वाढवतो. तिथेच घात होतो.

आता गळालेले पान हातात घ्या. टणक, हिरवे, भरलेले पान असेल तर काळजी नको. धक्क्याने पान सुटणे हा डॉन्की टेलचा स्वभावच आहे. येता-जाता खांदा लागेल अशा दारात ती टांगूच नये, आणि टांगल्यावर रोज जागा बदलू नये. पान सुरकुतलेले, पातळ असेल आणि कुंडी हलकी लागत असेल तर खरोखर तहान आहे. एकदा भरपूर पाणी देऊन निथळू द्या. पण पान पिवळट, काचेसारखे पारदर्शक आणि दाबल्यावर पचकन फुटणारे असेल तर पाणी जास्त झाले. एक फसवा प्रकारही आहे: पाने सुरकुतलेली, पण माती ओली. मुळे कुजल्यामुळे पाणी वर चढत नाही आणि झाड तहानलेले दिसते. अशा कुंडीत आणखी पाणी ओतले की खेळ संपला.

मूळ कारण बहुतेकदा शेतातून आणून भरलेली काळी माती असते. कापसाला, तुरीला जी जमीन सोन्यासारखी, ती सहा इंची कुंडीत या झाडाला घातक. ओली झाली की फुगते, चिकटते, हवा कोंडते. वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते, बारीक मुळे तुटतात आणि वरून दिलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली पळते. खालून पाणी आले म्हणून आपण समाधानी, मधला गोळा मात्र कोरडाच. शेतात आपण वाफशाची वाट पाहतो. इथे वाफशावरही थांबायचे नाही, त्यापुढे माती पूर्ण कोरडी होऊ द्यायची. खराट्याची काडी तळापर्यंत खुपसा. कोरडी, स्वच्छ बाहेर आली तरच पाणी.

मिश्रणासाठी विकतचे महागडे सामान लागत नाही. मुरूम चाळून, बारीक भुकटी धुऊन काढून, हरभऱ्याच्या दाण्याएवढे खडे दोन भाग घ्या. जाडी धुतलेली वाळू किंवा विटांचा चुरा एक भाग, जुने कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत एक भाग. कोकोपीटचा मोह टाळा, झडीत ते दिवसेंदिवस ओले राहते. मातीची कुंडी प्लॅस्टिकपेक्षा केव्हाही बरी. प्लॅस्टिकची टांगती कुंडी असेल तर खाली चिकटवलेली ताटली आधी उपटून काढा. त्या ताटलीत साचलेल्या पाण्याने जेवढी झाडे जातात तेवढी किडीने जात नसावीत.

झड लागली की कुंडी पागोळीच्या आत, उजेड आणि वारा लागेल अशा ठिकाणी घ्या. अंधाऱ्या खोलीत नेऊ नका, पाने विरळ होऊन देठ लांबतो. झड संपेपर्यंत पाणी आणि खत दोन्ही बंद. पागोळीचे पाणी मात्र बादलीत धरून ठेवा. बोअरचे पाणी क्षारांचे असेल तर कुंडीच्या काठावर पांढरी पुटे चढतात; अशा कुंडीला उघडिपीत, माती कोरडी झाल्यावर, पावसाचे पाणी द्यावे.

देठ बुडाशी काळा, मऊ पडला असेल तर झाड वाचवत बसू नका, शेंडे वाचवा. ब्लेड स्पिरिटने पुसून काळ्या भागाच्या बरेच वर कापा. कापलेल्या जागी आत तपकिरी ठिपका दिसला तर आणखी वर. चार बोटे लांबीचे तुकडे, खालची पाने काढून, सावलीत तीन-चार दिवस वाळवा. दमट हवेत जखम भरायला जास्त वेळ लागतो, घाई नको. मग कोरड्या मिश्रणात खोचा आणि आठवडाभराने थोडे पाणी द्या. गळालेली टणक पानेही फेकू नका. ट्रेमध्ये मिश्रणावर नुसती पसरून ठेवली तर काही आठवड्यांत टोकाला मुळे आणि इवलेसे रोप फुटते. रोपवाटिका किंवा बचत गट चालवणाऱ्यांसाठी हे फुकटचे बियाणे आहे. कुंडी भरून लोंबायला मात्र वर्ष-दोन वर्षे जातात, हे धरून चाला.

पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके आणि मुंग्यांची ये-जा दिसली तर पिठ्या ढेकूण समजा. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पुंजके टिपून घ्या. कपाशीवर फवारून पंपात उरलेले औषध इथे मारू नका. घरात विष नको हे तर आहेच, शिवाय मॅलॅथिऑनसारखी औषधे डॉन्की टेलच्या कुळातल्या झाडांना सोसत नाहीत आणि पानगळ वाढते. निंबोळी तेलाने पानांवरची मूळची, पान जपणारी पांढरी भुकटी निघून जाते, म्हणून तेही शेवटचा उपाय.

स्ट्रिंग ऑफ पर्ल्स विषारी आहे. शेळ्या, करडे आणि लहान मुलांच्या हाताला लागणार नाही इतकी उंच टांगा, आणि छाटलेले तुकडे उकिरड्यावर न टाकता पुरून टाका.

पाऊस सरल्यावर कुंड्या एकदम उन्हात काढू नका. ऑक्टोबरचे ऊन पाने भाजते. पहिले आठ-दहा दिवस फक्त सकाळचे कोवळे ऊन, आणि खत द्यायचेच तर त्यानंतर, नेहमीच्या निम्म्या मात्रेने.