आंबिलीची तयारी आदल्या दिवशीच

नाचणीची आंबील करायला सकाळी पंधरा मिनिटं पुरतात. बाकी सगळं काम आदल्या दिवशीचं, आणि पिठाचं तर त्याच्याही आधीचं. सकाळी गॅससमोर उभं राहून जे बिघडतं, ते बहुतेक वेळा आदल्या रात्रीच बिघडलेलं असतं.

सुरुवात दाण्यापासून. रोज आंबील करायची तर महिन्याला दोन किलो नाचणी चार जणांच्या घराला बऱ्यापैकी पुरते. दाणा मोहरीएवढा, त्यामुळे त्यातली रेती डोळ्यांना दिसत नाही. ती दाताखालीच कळते. म्हणून निवडण्यापेक्षा रोळण्यावर भर द्या. मोठ्या पातेल्यात दाणे बुडतील त्याच्या दुप्पट पाणी घ्या, वर आलेला कोंडा-कचरा ओतून टाका, मग पातेलं गोल हलवत हलवत वरचे दाणे पाण्यासकट थोडे थोडे दुसऱ्या भांड्यात उतरवत जा. जड खडे तळाशी राहतात. शेवटची मूठभर नाचणी पुन्हा एकदा रोळा, कारण सगळी रेती तिथेच गोळा झालेली असते. मग चाळणीत निथळून सुती कापडावर पातळ पसरा आणि कडक वाळवा. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे. दबला तर अजून एक ऊन द्या. ओलसर दाणे गिरणीत चिकटतात आणि त्या पिठाला आठवड्याभरात कुबट वास येतो.

दळण बारीक हवं, पण चाळून कोंडा फेकू नका. नाचणीतलं बरंच कॅल्शियम आणि तंतू वरच्या तांबूस सालातच असतात. बाजारातलं फार फिकट, मऊसूत पीठ म्हणजे बहुधा साल काढलेलं. गिरणीतून आलेलं पीठ गरम असताना डब्यात भरू नका, आतल्या वाफेने त्याच्या गाठी होतात. नाचणीत ग्लुटेन (गव्हातलं चिकट प्रथिन) नसतं, पण गिरणीच्या जात्यात आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू असतोच. ग्लुटेन खरोखर वर्ज्य असेल तर घरच्या घरघंटीवर दळा.

मोड आणलेल्या नाचणीचं सत्त्व चांगलंच, पण रोजच्या आंबिलीसाठी त्याचा हट्ट धरू नका. मोड येताना दाण्यात तयार झालेली विकरं (एन्झाइम) शिजताना पिठातला स्टार्च तोडतात, म्हणून सत्त्वाची पेज घट्ट होत नाही आणि गोडसर लागते. लहान बाळाला हेच सोयीचं: जास्त पाणी न घालताही पेज पातळ राहते आणि जास्त पीठ पोटात जातं. मोठ्यांना मात्र ‘कितीही शिजवा, पाणीच राहतंय’ अशी तक्रार करावी लागते. सत्त्व करायचंच असेल तर दाणे बारा तास भिजवा, मधे दोनदा पाणी बदला, मग ओल्या कापडात 24 ते 36 तास बांधून ठेवा. पांढरं टोक डोकावलं की पुरे. वाळवून, हातावर चोळून मोड झाडा आणि मंद आचेवर वास सुटेपर्यंतच भाजा. बांधलेल्या कापडात हिरवट-काळी बुरशी दिसली तर सगळंच टाका, धुऊन वापरू नका.

आता आदल्या रात्रीचं. चार पेल्यांसाठी 60 ग्रॅम पीठ, म्हणजे सपाट सहा-सात मोठे चमचे. त्यात 150 मिलिलिटर गार पाणी आणि दोन चमचे आंबट ताक घालून कालवा. भांडं मातीचं, काचेचं किंवा स्टीलचं. ॲल्युमिनियम किंवा कल्हई नसलेलं पितळ नको, आंबट पदार्थात धातू उतरतो. मीठ आत्ता नाही. झाकण सैल ठेवा. विदर्भातल्या मे महिन्यात सहा-सात तास बास होतात, पुण्याच्या थंडीत बारा-चौदा लागतात. परदेशातल्या थंड स्वयंपाकघरात ओव्हन बंदच ठेवून फक्त आतला दिवा लावा आणि भांडं त्यात ठेवा. वर बारीक बुडबुडे आणि ताकासारखा हलका आंबट वास आला की झालं. वास नाकात झोंबत असेल पण सडका नसेल तर वरचं निवळलेलं पाणी ओतून तेवढंच ताजं पाणी घाला. गुलाबी डाग किंवा तार दिसली तर मात्र फेकून द्या. आंबवण्याने चवीपलीकडेही फायदा होतो: लोह-कॅल्शियम अडवून ठेवणारं फायटेट त्यात कमी होतं.

सकाळी 600 मिलिलिटर पाण्याला उकळी येऊ द्या. तळाशी बसलेलं पीठ आधी ढवळून एकजीव करा, मग एका हाताने धार आणि दुसऱ्या हाताने रवी. कोरडं पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकलं की प्रत्येक गोळ्याची बाहेरची बाजू लगेच शिजून चिकट होते, आत पाणी शिरतच नाही, आणि त्या गुठळ्या नंतर कितीही घोटल्या तरी मोडत नाहीत. आच मंद करून आठ-दहा मिनिटं ढवळत शिजवा. रंग मातकटाचा गडद चॉकलेटी होतो आणि चकाकी येते; चकाकी नसेल तर कच्चट लागणारच. गॅस बंद करताना आंबील हवी त्यापेक्षा थोडी पातळच असू द्या, गार होताना ती आळते.

मीठ आता घाला. ताक मात्र बोट सहज बुडवता येईल इतकी कोमट झाल्यावरच; गरम आंबिलीत ताक फुटतं आणि वर चोथा तरंगतो. 250 मिलिलिटर घुसळलेलं ताक, ठेचलेली लसूण, थोडं जिरं, कोथिंबीर. मिरची ज्याची त्याने. थंडीत गरम प्यायची असेल तर ताक घालायच्या आधीची आंबील गरम करा आणि ताक पेल्यात घाला. मराठवाड्याकडे हीच कृती ज्वारीच्या पिठावर होते; ज्वारीला पाणी थोडं जास्त लागतं. गोव्यातलं तिजान नाचणीचंच, पण नारळाचा रस आणि गूळ घातलेलं, ते वेगळं प्रकरण.

अपेक्षाही मापात ठेवा. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. एका पेल्यात पीठ पंधरा ग्रॅम, म्हणजे पन्नासएक मिलिग्रॅम, वर ताकातलं. मोठ्या माणसाची दिवसाची गरज हजाराची आहे. मधुमेह असेल तर गूळ आणि सत्त्व दोन्ही टाळा, साध्या पिठाची दाटसर आंबील बरी. मूत्रपिंडाचा आजार असेल तर रोजचा पेला सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. वर्षाच्या आतल्या बाळाला मीठही नको, गूळही नको.

ताक घातलेली आंबील त्याच दिवशी संपवा. बिनताकाची फ्रिजमध्ये दोन दिवस टिकते, वर साय धरते, ती ढवळली की मोडते. उद्याचं पीठ कालवण्यासाठी रात्रीच्या आंबवलेल्या पिठातले दोन चमचे शिजवण्याआधीच बाजूला काढा, म्हणजे आंबवायला ताकाची गरज नाही. आणि पातेलं रिकामं झालं की लगेच पाण्याने भरून ठेवा. वाळलेली नाचणी तारेच्या घासणीलाही दाद देत नाही.