चालत्या वॉर्डात चाचणी: सार्वजनिक रुग्णालयात क्लिनिकल अभ्यास कसा उभा करायचा

सार्वजनिक आरोग्यसेवेतले अभ्यास सहसा विज्ञानापायी अडत नाहीत. रात्री दोन वाजता दाखल झालेल्या रुग्णाचा फॉर्म कोण भरणार, इथे ते अडतात. त्यामुळे आराखडा करताना ड्युटीवरच्या रेसिडेंटची आणि सिस्टरची किती मिनिटं जाणार, हा हिशोब आधी मांडायचा.

अलीकडचा सगळ्यात उपयोगी नमुना ब्रिटनच्या एनएचएसमधला, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेतला आहे. कोविडवरच्या उपचारांसाठीची ‘रिकव्हरी’ चाचणी मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि १६ जूनला डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा निकाल जाहीर झाला. या औषधाच्या तुलनेत १७६ एनएचएस संस्थांमधले ६४२५ रुग्ण होते: २१०४ जणांना दिवसाला ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन जास्तीत जास्त १० दिवस, आणि ४३२१ जणांना फक्त नेहमीचे उपचार. एवढा वेग आला तो मुद्दाम कमी ठेवलेल्या कामामुळे. निवडीचे निकष थोडे होते, रॅंडमायझेशन (कोणता रुग्ण कोणत्या गटात, हे चिठ्ठी काढल्यासारखं नशिबावर ठरवणं) वेबसाइटवर होतं आणि फॉलोअपचा एकच फॉर्म होता. तो डिस्चार्ज, मृत्यू किंवा २८ वा दिवस, यांपैकी जे आधी येईल तेव्हा भरायचा.

प्रश्न आणि संख्या

प्रश्न एका वाक्यात बसला पाहिजे: कोणते रुग्ण, कोणता उपचार, कशाशी तुलना, किती दिवसांनी, कोणता परिणाम. मुख्य परिणाम एकच ठेवा, आणि तो नेहमीच्या नोंदींत आपोआप उतरणारा असावा. मृत्यू, व्हेंटिलेटर, पुन्हा दाखल होणं हे चांगले. ‘रुग्णालयातले दिवस’ मात्र फसवं माप आहे. खाट रिकामी हवी म्हणून लवकर सोडलेला रुग्ण आणि रविवारी सही करणारं कोणी नाही म्हणून अडकलेला रुग्ण, दोघांचे दिवस आजाराबद्दल काहीच सांगत नाहीत.

नमुनासंख्येचा कच्चा अंदाज कागदावर निघतो. दोन्ही गटांत अपेक्षित असलेल्या प्रमाणांची सरासरी काढा, तिला (१ − सरासरी) ने गुणा, मग १६ ने गुणा आणि फरकाच्या वर्गाने भागा. मृत्युदर २० टक्क्यांवरून १६ वर येईल असं धरलं, तर ०.१८ × ०.८२ × १६ ÷ ०.००१६, म्हणजे प्रत्येक गटात सुमारे १४७६ रुग्ण. (८० टक्के पॉवर, म्हणजे खरा फरक असल्यास तो सापडण्याची शक्यता, आणि ५ टक्के सिग्निफिकन्स, म्हणजे फरक नसताना तो दिसण्याची शक्यता, धरून.) दहा टक्के रुग्ण हातातून सुटणार असतील तर ०.९ ने भागा: १६४०. हाच फरक २० वरून १० असा धरला की आकडा २०४ वर येतो. मोठा फरक गृहीत धरून छोटा अभ्यास मंजूर करून घ्यायचा मोह होतो तो इथेच. तसा अभ्यास ‘फरक आढळला नाही’ म्हणून संपतो आणि फरक नव्हता की दिसला नाही, हे कुणालाच कळत नाही.

उपचार रुग्णागणिक न बदलता अख्ख्या वॉर्डची पद्धत बदलणार असेल, उदाहरणार्थ हात धुण्याचा नवा नियम, तर रॅंडमायझेशन वॉर्डांचं करावं लागतं. मग संख्येला १ + (एका वॉर्डातले रुग्ण − १) × आयसीसी याने गुणायचं. आयसीसी म्हणजे एकाच वॉर्डातले रुग्ण एकमेकांसारखे किती, याचं माप. वॉर्डात ५० रुग्ण आणि आयसीसी ०.०२ असेल तरी उत्तर १.९८ येतं. नमुना दुप्पट!

संख्या ठरली की मागच्या तीन महिन्यांचं दाखल रजिस्टर काढून निकषांत बसणारे रुग्ण स्वतः मोजा. विभागातल्या लोकांच्या अंदाजावर जाऊ नका. अभ्यास सुरू होताच पात्र रुग्ण गायब होतात, असा या क्षेत्रातला जुना विनोद आहे. मोजलेल्या संख्येच्या एक तृतीयांश रुग्ण मिळतील असं धरून वेळापत्रक करा.

फॉर्म

फॉर्म एका पानाचा. प्रत्येक रकान्याला विचारायचं: हा नसला तर कोणता निष्कर्ष बदलेल? उत्तर नसेल तर रकाना काढा. ‘असू द्या, पुढे उपयोगी पडेल’ म्हणून ठेवलेले रकाने निम्मे रिकामे येतात आणि त्यांच्यापायी महत्त्वाचेही घाईत भरले जातात.

काही रकान्यांवर मात्र सगळा निकाल उभा असतो. रिकव्हरीत सुरुवातीला रुग्ण ऑक्सिजनशिवाय आहे, ऑक्सिजनवर आहे की व्हेंटिलेटरवर, एवढं नोंदलेलं होतं. २८ दिवसांतला मृत्युदर सगळ्यांचा मिळून डेक्सामेथासोन गटात २२.९ टक्के आणि दुसऱ्या गटात २५.७ टक्के. पण व्हेंटिलेटरवरच्यांत तो २९.३ विरुद्ध ४१.४, ऑक्सिजनवरच्यांत २३.३ विरुद्ध २६.२, आणि ऑक्सिजन न लागणाऱ्यांत १७.८ विरुद्ध १४.०. म्हणजे ऑक्सिजन न लागणाऱ्यांत फायदा दिसला नाही, कदाचित नुकसानच. तो एक रकाना नसता तर औषध सरसकट दिलं गेलं असतं. असे उपगट प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या लेखी आराखड्यात, आधीच लिहून ठेवायचे. आकडे पाहून नंतर पाडलेल्या उपगटांत काहीही सापडतं.

शून्य आणि रिकामी जागा यांत फरक करा. ‘उलट्या: __’ कोरं असेल तर उलट्या नव्हत्या की विचारलंच नाही? ‘हो / नाही / माहीत नाही’ अशा तीन चौकटी द्या. प्रयोगशाळेच्या आकड्यासमोर एकक छापून टाका, तारखेसाठी दिवस-महिना-वर्ष असे खण पाडा. चूक झाली तर एक आडवी रेघ, बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख. व्हाइटनर अजिबात नाही.

परवानगी आणि संमती

एथिक्स कमिटीची लेखी मंजुरी आणि क्लिनिकल चाचण्यांच्या सार्वजनिक रजिस्ट्रीतली नोंद, दोन्ही पहिल्या रुग्णाच्या आधी. नंतर नोंदवलेला अभ्यास बरीच जर्नल्स दारातूनच परत पाठवतात. गुड क्लिनिकल प्रॅक्टिसची (चाचण्या नीट चालवण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीची) जानेवारी २०२५ मध्ये पक्की झालेली ई६(आर३) मार्गदर्शक तत्त्वं वाचा. देखरेख धोक्याच्या प्रमाणात असावी, असं ती सांगतात. जुन्या औषधाच्या साध्या तुलनेला नव्या रेणूइतका कागदपसारा लागत नाही, हे कमिटीसमोर मांडायला त्यांचा आधार होतो.

माहितीपत्रक दोन पानांच्या आत ठेवा. नकार दिला तरी उपचार तेच आणि तितकेच मिळतील, हे वाक्य पहिल्याच परिच्छेदात हवं. सार्वजनिक रुग्णालयात डॉक्टरला ‘नाही’ म्हणणं रुग्णाला जड जातं, म्हणून जमेल तिथे संमती उपचार करणाऱ्या डॉक्टरने न घेता दुसऱ्याने घ्यावी. वाचता न येणाऱ्यासाठी अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो. नुसता अंगठा पुरत नाही. तपासणीत हमखास सापडणारी चूक म्हणजे संमतीची वेळ रॅंडमायझेशननंतरची असणं. सहीसमोर तारखेबरोबर वेळेचाही रकाना ठेवा.

रॅंडमायझेशन

सम-विषम केसपेपर क्रमांक, सोमवारी हे आणि मंगळवारी ते, एकाआड एक: यातलं काहीच रॅंडमायझेशन नव्हे. पुढचा गट कोणता हे आधी कळलं की ‘या आजोबांना उद्या घेऊ’ असं आपोआप होतं, त्यात वाईट हेतू असावा लागत नाही. वेब किंवा फोनवरची मध्यवर्ती व्यवस्था सर्वांत चांगली. ती नसेल तर अनुक्रमांक घातलेली, सीलबंद, अपारदर्शक पाकिटं. आत ॲल्युमिनियम फॉइल घाला, नाहीतर खिडकीतल्या उजेडात धरून वाचता येतं. पाकिटावर रुग्णाचं नाव, तारीख आणि वेळ लिहूनच ते फोडायचं. आत कार्बन पेपर ठेवला तर तेच आतल्या चिठ्ठीवर उमटतं आणि नंतर पडताळता येतं. यादी बनवणारा माणूस रुग्ण घेणारा नसावा. यादी ब्लॉकमध्ये, म्हणजे दोन्ही गट सारख्याच संख्येने येणाऱ्या छोट्या तुकड्यांत, पाडतात. सगळे ब्लॉक चारचेच असतील तर चौथा कोणत्या गटात जाणार हे हुशार रेसिडेंट ओळखतो. चार आणि सहाचे ब्लॉक मिसळा.

पहिले पंधरा दिवस

सुरुवात एकाच वॉर्डात करा आणि पहिल्या दहा फॉर्मची केसपेपरशी ओळीनं ओळ ताडून पाहा. औषध रात्री कुठल्या कपाटात आहे आणि किल्ली कोणाकडे, हे तिन्ही पाळ्यांत विचारा. औषधाच्या गटातल्या रुग्णांना औषध न मिळण्याचं सर्वांत सामान्य कारण म्हणजे ऑर्डर अभ्यासाच्या फॉर्मवर लिहिली, पण ट्रीटमेंट चार्टवर उतरवली नाही. सिस्टर चार्ट पाहूनच औषध देणार.

फॉलोअपसाठी दोन फोन नंबर घ्या, एक घराबाहेरच्या नातेवाइकाचा. दोन्ही समोरच लावून पाहा. गंभीर दुष्परिणाम २४ तासांत कळवायचे, त्यांचा फॉर्म वॉर्डात वेगळ्या रंगाचा ठेवा.

मधेच निकाल पाहू नका. पाच वेळा डोकावून दरवेळी ०.०५ चा निकष लावला तर खोट्या यशाची शक्यता ५ वरून सुमारे १४ टक्क्यांवर जाते. मधले आकडे पाहण्याचा अधिकार स्वतंत्र डेटा मॉनिटरिंग कमिटीचा, म्हणजे अभ्यास चालवणाऱ्यांबाहेरच्या तज्ज्ञांचा.

विश्लेषण

ज्या गटात नाव निघालं त्याच गटात रुग्ण मोजायचा, औषध घेतलं असो वा नसो. न घेतलेले वगळले की बरे असलेलेच उरतात आणि औषध आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं. किती तपासले, किती वगळले आणि का, किती सुटले याची आकृती रोजच्या स्क्रीनिंग रजिस्टरवरूनच निघते, म्हणून ते पहिल्या दिवसापासून लिहा.

फरक न दिसलेला निकालही तितकाच कामाचा. रिकव्हरीतच हायड्रॉक्सीक्लोरोक्विन मिळालेल्या १५६१ जणांत मृत्युदर २७.० टक्के आणि न मिळालेल्या ३१५५ जणांत २५.० टक्के निघाला. असा निकाल रखडला की तेवढे दिवस वॉर्डांत निरुपयोगी औषध चालू राहतं. मुख्य परिणामाची शेवटची नोंद झाल्यापासून १२ महिन्यांत सारांश रजिस्ट्रीत टाकावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची अपेक्षा आहे. त्याचं काम कोणाकडे, ते प्रोटोकॉलमध्येच नावानिशी लिहा. रेसिडेंट पास होऊन निघून जातात, तेव्हा नाव कायमस्वरूपी पदावरच्या माणसाचं असावं.