‘नो सच पार्टिशन’ : संगणक सुरू होत नसेल तर

सदाशिव पेठेतील आमच्या शेजाऱ्यांच्या संगणकावर विंडोज आणि उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) अशा दोन्ही प्रणाली होत्या. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्यांना एक बिननावाचे पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा पाडलेला भाग, दिसले, ते रिकामेच असणार असे समजून त्यांनी ते पुसले आणि पुढच्या वेळी काळ्या पडद्यावर ‘एरर: नो सच पार्टिशन’ व त्याखाली ‘ग्रब रेस्क्यू’ एवढेच उमटले. ग्रब म्हणजे संगणक सुरू होताना कोणती प्रणाली चालवायची ते विचारणारा छोटा प्रोग्रॅम. उबुंटूची फाइल सिस्टिम विंडोजला वाचता येत नसल्यामुळे तिथे त्या पार्टिशनला ना नाव दिसते ना ‘सी’, ‘डी’सारखे अक्षर. त्यामुळे ही चूक अगदी सहज होते.

पार्टिशन पुसले की सहसा पार्टिशन टेबलमधील, म्हणजे डिस्कवरील पार्टिशनांच्या यादीतील, नोंद तेवढी जाते. आतील फाइली, त्यांच्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत, जागच्या जागी असतात. म्हणून नवे पार्टिशन करू नये आणि विंडोजही पुन्हा टाकू नये. दुकानात नेल्यास ‘फॉरमॅट मारून देतो’ हे वाक्य बहुधा पहिल्या मिनिटातच ऐकू येते. तेव्हा नम्रपणे संगणक परत घ्यावा. एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या, चिपवर साठवणाऱ्या डिस्कवर) तर फॉरमॅटनंतर फाइली परत मिळण्याची आशा फारच थोडी उरते.

प्रथम बायॉसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) डिस्क दिसते का ते पाहावे. दिसत नसेल तर दोष पार्टिशनचा नसून केबलचा किंवा खुद्द डिस्कचा आहे, आणि डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर संगणक तत्काळ बंद करावा.

डिस्क दिसत असल्यास ग्रब रेस्क्यूपुढे ‘एलएस’ (ls) टाइप करावे. जी पार्टिशने दिसतील त्यांपैकी एकेकाचे नाव, शेवटी तिरकी रेघ (/) देऊन, ‘एलएस’पुढे लिहून पाहावे, डिस्कची मोजणी शून्यापासून आणि पार्टिशनची एकपासून होते, हे ध्यानात असू द्यावे. एखाद्यात ‘बूट’, ‘होम’ असे फोल्डर दिसले, तर उबुंटू शाबूत आहे आणि फक्त त्याचा क्रमांक बदलला आहे. विंडोजच्या मोठ्या अपडेटने मध्येच रिकव्हरी पार्टिशन तयार केल्यास असे घडते. तेव्हा ‘सेट’ने (set) रूट (root) म्हणून ते पार्टिशन आणि प्रीफिक्स (prefix) म्हणून त्यातील ग्रबचा फोल्डर द्यावा, मग ‘इन्समॉड नॉर्मल’ (insmod normal) आणि त्यानंतर नुसते ‘नॉर्मल’ (normal) लिहावे. नेहमीचा मेनू येतो. उबुंटू सुरू झाल्यावर ग्रब पुन्हा बसवला नाही, तर पुढच्या वेळी हेच सारे पुन्हा करावे लागते.

कुठेच काही सापडले नाही, तर उबुंटूच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (डिस्कवर काही न बसवता उबुंटू चालवणाऱ्या) संगणक सुरू करून टेस्टडिस्क हे मोफत साधन चालवावे. त्यातील ‘क्विक सर्च’मध्ये हरवलेले पार्टिशन बहुधा दिसते, न दिसल्यास ‘डीपर सर्च’ करावा, त्याला मोठ्या डिस्कवर बराच वेळ लागतो. ‘राइट’ करण्यापूर्वी, म्हणजे सापडलेले टेबल डिस्कवर लिहिण्यापूर्वी, ‘पी’ दाबून आतील फाइली डोळ्यांनी पाहाव्यात, कारण चुकीचे टेबल लिहिले गेले तर उरलीसुरली वाटही बंद होऊ शकते. लिहिताना वीज जाणेही परवडणारे नसते. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे. बाकी कोणताही वार चालेल.

उबुंटू नकोच असेल आणि संगणक यूईएफआय (बायॉसची नवी) पद्धतीचा असेल, तर बूट मेनूतून ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडणे पुरते. आमच्या शेजाऱ्यांना मात्र उबुंटूमधली नातीची छायाचित्रे हवी होती, आणि ‘पी’ दाबल्यावर पडद्यावर उतरलेल्या यादीत त्यांनी आधी तोच फोल्डर शोधला.